शेऱ्याचा रकाना

रक्त द्यायला आलेला माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो, दुखेल का आणि रिपोर्ट कधी मिळेल. शनिवारी सकाळी सव्वासात वाजता खुर्चीत बसलेल्या त्या सत्तरीच्या आसपासच्या माणसाने तिसरंच काहीतरी विचारलं. थोरलीने त्याच्या दंडाला पट्टा आवळला होता, शीर छान फुगली होती, सुई आत गेली होती, आणि नळीत रक्त चढत असताना तो हळूच म्हणाला की उद्याच्या सभेला मी आलो तर चालेल का. कसली सभा, असं ती विचारणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तिच्या पांढऱ्या कोटावरचं आडनाव त्याने वाचलंय. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि उद्या अकरा वाजता निवृत्त वैमानिकांच्या संघटनेने त्यांच्यासाठी स्मरणसभा ठेवली होती. 'मी त्यांच्याबरोबर उडायचो,' तो म्हणाला. 'उजव्या सीटवर. त्या दिवशीचा तो मीच.' सुई आत असताना हात हलवायचा नाही हे अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीने अंगात मुरलेलं, म्हणून हात हलला नाही. तिने नळी बदलली, सुई काढली, कापूस दाबला, हात दुमडून धरा म्हणाली, आणि या ना, अवश्य या, असं काहीसं पुटपुटली. तो थँक्यू म्हणाला आणि हात तसाच दुमडून, दारातून आत येणाऱ्या बाईला वाट देत निघून गेला. फॉर्मवर व्यवसायापुढे त्याने लिहिलं होतं, मोटार ड्रायव्हिंग स्कूल.

आता याला काय म्हणावं? चाळीस वर्षं ज्या माणसाचा तिने मनातल्या मनात राग केला तो माणूस आला तो असा, उपाशीपोटी, साखर तपासायला. आणि वर परवानगी मागून गेला. थोरलीने पुढच्या तिघांची रक्तं काढली, चौथीला बसवलं आणि मग प्रयोगशाळेतल्या पोरीला हाक मारून जरा सांभाळ म्हणाली. आतल्या खोलीत नळ्या फिरवणारं यंत्र घुरघुरत होतं. त्याच्याशेजारी स्टुलावर बसून ती नुसतीच चिडत राहिली. कुणावर ते तिला धड सांगता आलं नसतं. तिला थोरली म्हणायचे तेही बाबाच. घरात मूल एकच, पण धाकटं होईल या भरवशावर त्यांनी आधीच नाव पाडून ठेवलं. धाकटं काही झालं नाही आणि हिचं थोरलेपण काही सुटलं नाही. एकदा म्हटलं ते म्हटलं, मागे फिरायची रीतच नव्हती त्या घरात.

तो दिवस म्हणजे काय ते घरी तिला एकाच पद्धतीने सांगितलं गेलं होतं. ती बारा वर्षांची होती. बाबा तेव्हा विमान कंपनीत कॅप्टन होते. त्याआधीची चौदा वर्षं त्यांनी हवाई दलात काढलेली. एका धुरकट दुपारी ब्याण्णव प्रवासी घेऊन ते एका शहरात उतरायला निघाले आणि शहराच्या विमानतळावर न उतरता तिथून सहा मैलांवर असलेल्या हवाई दलाच्या तळावर उतरले. दोन्ही धावपट्ट्या एकाच दिशेला, लांबीलाही सारख्याच. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. विमानाला बंदूकवाल्या जीपगाड्यांनी वेढा घातला, तीन तास सगळे उकडत आत बसले, मग प्रवाशांना बसमधून नेलं. घरच्या सांगण्याप्रमाणे यात बाबांची चूक अशी नव्हतीच. धुरकं होतं, दिशा दाखवणारं यंत्र नीट नव्हतं, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसलेला सहवैमानिक पोरगा गप्प राहिला. त्याला दिसलं होतं, तो बोलला नाही. नंतर चौकशीत मात्र म्हणे, मी सांगितलं होतं. विमानातल्या बोलण्याची टेप असते, पण ती अर्ध्या तासाची; वीज चालू राहिली की जुन्यावर नवं चढत जातं. तीन तास जीपगाड्यांच्या वेढ्यात उभ्या असलेल्या विमानात टेप फिरतच राहिली आणि कोण काय बोललं ते पुसून गेलं. बाबा सहा महिने घरी बसले, मग पुन्हा कॅप्टनच्या डाव्या सीटवर गेले. त्या पोराचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

विचारायचं कशाला, तो तर जेवणाच्या टेबलावर रोज हजर असे. थोरलीने शाळेतली एखादी गोष्ट दडवली, आईने गॅस संपत आल्याचं सांगितलं नाही, की बाबा चमचा खाली ठेवत आणि म्हणत, बोलायचं असतं. वेळेवर बोलायचं असतं. गप्प बसणारा माणूस विमान पाडतो. हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं की पुढे प्रयोगशाळेत हाताखालच्या पोरींनाही तिने ते ऐकवलं, विमानाच्या जागी पेशंट घालून. आणि गंमत अशी की त्या घरात बोलायची काही सोय नव्हती. एकदा सुट्टीत गाडीने कुठेतरी निघालेले, ती मागच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन बसलेली, तेरा-चौदा वर्षांची असेल. फाटा आला तेव्हा ती म्हणाली, बाबा, डावीकडे. गाडी कोण चालवतंय, बाबांनी विचारलं. ती गप्प झाली. चाळीस किलोमीटर गेल्यावर रस्ता एका दगडाच्या खाणीपाशी संपला. बाबा उतरले, खाणीकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, मग जरा जोरात सांगायचंस ना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा प्रकार. आई पुढच्या सीटवर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडबंद करत होती.

पण म्हणून माणूस वाईट होता म्हणावं तर तसंही नाही, आणि तिथेच थोरलीचा जीव कावून जाई. सरळ वाईट असते तर सुटका झाली असती. हवाई दलात त्यांनी डोंगरातल्या ठाण्यांवर धान्याची पोती टाकण्याचं काम केलं होतं. दोन कड्यांमधून खाली जायचं, पोती ढकलायची आणि समोरचा डोंगर अंगावर यायच्या आत वर उचलायचं. त्यांच्याबरोबरचे तिघं त्या डोंगरातच राहिले. त्यांच्या बायकांना बाबा वर्षातून एकदा पत्र लिहीत, शेवटपर्यंत, हात थरथरायला लागल्यावर थोरलीकडून लिहवून घेऊन. तिला ताप आला की रात्रभराच्या ड्युटीवरून आलेला माणूस युनिफॉर्म न उतरवता तिच्या उशाशी बसे आणि दर अर्ध्या तासाने ताप वहीत लिहून ठेवी. निवृत्तीनंतर ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसत आणि वरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाला शेरे देत, याने वळण उशिरा घेतलं, हा घाईत आहे, हा नवशिका दिसतो. घरातून बाहेर पडायचं तर दाराशी उभं राहून आईने एकेक वस्तू पुकारायची आणि त्यांनी त्या वस्तूला हात लावून उत्तर द्यायचं, गॅस, बंद, खिडकी, बंद, किल्ली, आहे. शेजारचे हसत. आईला हसू येत नसे, तिला उशीर झालेला असे. या सगळ्यात एक शब्द तेवढा थोरलीने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. चुकलो. दूध उतू गेलं तरी ते म्हणत, ज्योत मोठी होती.

आणि आता संघटनेच्या सेक्रेटरीने सभेचं पत्रक छापून पाठवलं होतं. वर बाबांचा फोटो, टोपीसकट, खाली ठळक अक्षरात, अमुक इतके तास, एकही चूक नाही. तासांच्या जागी टिंबं होती; तो आकडा तेवढा ताईंनी कळवावा, अशी विनंती. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. सभेत घरच्यांतर्फे दहा मिनिटं थोरलीने बोलायचं होतं आणि तिने भाषण लिहूनही काढलं होतं, डोंगर, पत्रं, ताप, बाल्कनी. चूक हा शब्द त्यात कुठेच नव्हता. सकाळपर्यंत तिला ते भाषण बरं वाटत होतं. आता तो माणूस समोर येऊन बसणार, आणि तिने माईकवरून एकही चूक नाही म्हणायचं, आणि त्याने टाळ्या वाजवायच्या. कशाला येतोय हा माणूस? आपली बेअब्रू ऐकायला आपल्या पायांनी कोणी येतं का?

आकड्यासाठी ती दुपारी आईकडे गेली. कपाटाच्या खालच्या खणात लॉगबुकं होती, काळ्या पुठ्ठ्याची, नऊ. प्रत्येक उड्डाणाला एक ओळ. तारीख, विमान, कुठून, कुठे, किती वेळ, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. कंपनीची नोंद कंपनीकडे, ही वैमानिकाची स्वतःची. लहानपणी तिने एकदा त्यातल्या कोऱ्या पानावर मांजर काढलं होतं आणि आयुष्यातला पहिला व शेवटचा मार खाल्ला होता. बाबांचं म्हणणं, जगाशी खोटं बोल हवं तर, लॉगबुकात खोटं लिहायचं नाही; ज्याने लॉगबुकात खोटं लिहिलं त्याने उडू नये. तिने शेवटच्या वहीतली शेवटची बेरीज उतरवून घेतली. तिथेच थांबायला हवं होतं. पण सकाळचा तो दुमडलेला हात डोळ्यांपुढून जाईना, आणि ती बारा वर्षांची असतानाच्या सालाची वही तिने खणातून ओढून काढली. शेऱ्याच्या रकान्यात एरवी दोनतीन शब्द असत, हवा ठीक, डावं इंजिन गरम, वारा आडवा. त्या तारखेला अक्षर बारीक करून तीन ओळी बसवल्या होत्या. आपल्या जुन्या तळावर उतरलो. सहवैमानिकाने दोनदा सांगितले. ऐकले नाही.

तिने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिला इतका राग आला की कानशिलं गरम झाली. म्हणजे माहीत होतं! संध्याकाळी घरी येऊन, हात धुऊन, टेबलाशी बसून, पेनात शाई भरून या माणसाने खरं काय ते लिहून ठेवलं, वही मिटली, खणात घातली, आणि त्यानंतर चाळीस वर्षं जेवताना मुलीला शिकवलं की गप्प बसणारा माणूस विमान पाडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा कोण तर चोरच. लॉगबुकात खोटं लिहायचं नाही म्हणे. अहो पण बाहेर? बाहेरच्या माणसांचं काय? त्यांना काय रकाना नव्हता? ती मनातल्या मनात भांडत होती आणि समोर भांडायला कोणी नव्हतं, हा तर कळस होता. मेलेल्या माणसाशी भांडण्यासारखं वैतागाचं काम दुसरं नाही. तो एक अक्षर उलट बोलत नाही आणि हरतही नाही.

वही उघडीच घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी भांडी पुसत होती, ब्याऐंशी वर्षांची, पाठीतून वाकलेली. थोरलीने वही तिच्यापुढे धरली. आईने वाचायला चष्मासुद्धा घेतला नाही. माहितेय मला, ती म्हणाली, त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. चौकशीत ते खोटं बोलले नाहीत, असंही ती म्हणाली. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की इशारा ऐकल्याचं मला आठवत नाही. हे वाक्य वकिलाने दिलं होतं. थोरलीने विचारलं, आणि तो? त्याचं काय झालं मग? आईने पुसलेली वाटी पुन्हा पुसली. त्याला खोटारडा ठरवला, ती म्हणाली. कॅप्टन काही झाला नाही तो. दोन वर्षांनी सोडली नोकरी. मग जरा वेळाने, यांचं गेलं असतं ना सगळं, तू बारा वर्षांची, घर भाड्याचं. आणि मग आईने ते वाक्य म्हटलं ज्याची थोरली वाटच बघत होती, की झाकली मूठ सव्वा लाखाची, आता ते नाहीत, उद्या चार माणसांत काही काढू नकोस. काढलंस तर मला तिथे तोंड वर करून बसता यायचं नाही.

झालं. म्हणजे आता निवड अशी होती: बोलावं तर जन्मदात्या आईला भर सभेत मान खाली घालायला लावायची, न बोलावं तर त्या माणसाला पुन्हा एकदा, आणि या वेळी स्वतःच्या तोंडाने, खोटारडा ठरवायचं. रविवारी सकाळपर्यंत थोरलीने तीन भाषणं लिहिली आणि तीनही फाडली. नवरा म्हणाला, एवढं काय, आजारी आहे म्हणून सांग. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. वही तिने पर्समध्ये घातली. का, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

संघटनेचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता, खाली टायरचं दुकान. खुर्च्या लावणं चालू होतं. सेक्रेटरी, ऐंशीचा ताठ म्हातारा, माईकमध्ये फुंकर मारून बघत होता. आईला पहिल्या रांगेत बसवून थोरली बाहेरच्या पॅसेजमध्ये आली तर तो माणूस पाण्याच्या कूलरपाशी उभा, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. म्हणाला, लवकर आलोय, मागे बसतो, संपायच्या आधी निघेन. साखर किती निघाली, हे त्याने विचारलं नाही. थोरलीने पर्समधून वही काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिली. त्याने आधी लांब धरून बघितलं, मग खिशातून चष्मा काढला. वाचायला त्याला फार वेळ लागला. हॉलमधून सेक्रेटरीचं हॅलो हॅलो ऐकू येत होतं.

'दोनदा नाही,' तो म्हणाला. 'एकदाच.'

थोरलीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण तो शांतपणे सांगत राहिला, जणू क्लच आणि ब्रेक समजावून देतोय. धुरक्यातून पट्टी दिसली तेव्हा मी म्हणालो, सर, ही आपली वाटत नाही. ते हसले. म्हणाले, अरे, या पट्टीवर मी चौदा वर्षं उतरलोय, डोळे मिटून उतरेन. आणि तेच तर ना, तो म्हणाला, तीच तर चूक. त्यांना ती ओळखीची वाटली कारण ती ओळखीचीच होती. त्यांची जुनी पट्टी होती ती. हवाई दलात न राहिलेल्या माणसाला ती चूक जमलीच नसती. उतरलेही असे सुंदर की मागे कुणाच्या कपातला चहा हलला नसेल. त्यानंतर मी दुसऱ्यांदा बोललो नाही. धजलोच नाही. आणि चाळीस वर्षं रोज दात घासताना एकच मनात येतं, दुसऱ्यांदा बोललो असतो तर ऐकलं असतं त्यांनी. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, ताई. तिथे बोलावं लागत नाही. त्याने वही मिटून परत दिली. 'हे आत वाचू नका. माझ्या बाजूचं असलं तरी खरं नाही.'

धन्य आहेत ही माणसं, असं थोरलीला वाटलं, आणि डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटलं. एकाने खरं वहीत लिहिलं आणि जगापासून लपवलं. दुसऱ्याला तेच खरं चाळीस वर्षांनी आयतं हातात मिळालं, तर तो म्हणतो आकडा चुकलाय, नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि आता मारातला एक बुक्का जास्त मोजला म्हणून तक्रार! तिने त्याला सांगितलं की ठीक आहे, एकदा तर एकदा. एकदा तरी सांगितलं होतं ना तुम्ही? त्याने हो अशी मान हलवली. मग बसा, ती म्हणाली, आणि मधून उठून जायचं नाही. हे ती जवळजवळ बाबांच्या आवाजात बोलली आणि ते तिच्या लक्षातही आलं.

माईकसमोर उभी राहिली तेव्हा हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती, बहुतेक पांढरी डोकी, दोघांच्या कानात यंत्रं. तिने डोंगराचं सांगितलं, पत्रांचं सांगितलं. तिघांच्या बायकांना जाणाऱ्या पत्रांचं ऐकून एका म्हाताऱ्याने रुमाल काढला. बाल्कनीतल्या शेऱ्यांना सगळे हसले. आई पण हसली, पर्सवर दोन्ही हात ठेवून. मग थोरलीने तास सांगितले, पुरा आकडा, आणि पत्रकात पुढे जे छापलं होतं ते सगळ्यांच्या हातात होतंच. ते वाचायला पाच सेकंद लागतात. ती थांबली. आईकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी बघितलंच. आईने मान अगदी थोडी, नाही अशी हलवली. तिला आई हवी होती. म्हातारी, एकटी पडलेली, दाराशी उभं राहून आता कुणासाठीच वस्तू न पुकारणारी आई तिला दुखवायची नव्हती, आणि तरीही ती बोलली. म्हणाली, एकही चूक नाही असं छापलंय, ते बरोबर नाही. एक चूक झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी बाबा चुकीच्या तळावर उतरले आणि शेजारच्या सहवैमानिकाने त्यांना आधी सांगितलं होतं. चौकशीत त्याचं कोणी खरं मानलं नाही. पण बाबांनी आपल्या लॉगबुकात तसं लिहून ठेवलंय. त्याने त्यांना सांगितलं होतं. एकदा.

खालच्या दुकानातून टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज वर आला. सेक्रेटरी खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच अर्धा राहिला. शेवटच्या रांगेतला माणूस जमिनीकडे बघत होता. आणि पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, घरातल्यासारखा, जरा त्रासिक.

'एकदा नाही. दोनदा.'

थोरलीच्या मनात आलं, आता हीसुद्धा! भर सभेत, याही वेळेला, चूक काढल्याशिवाय या घरातल्या माणसांना राहवत नाही. पण आई पर्स शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून उभी राहिली होती, समोरच्या खुर्चीची पाठ नव्हती म्हणून शेजारच्या माणसाच्या खांद्याचा आधार घेऊन, आणि तिला माईक नको होता. सांगायचंच आहे तर नीट सांग, ती म्हणाली. पहिल्यांदा तो तोंडाने बोलला. दुसऱ्यांदा बोलला नाही. यांचा उजवा हात इंजिनाच्या दांड्यांवर होता, त्याच्यावर त्याने आपला हात ठेवला, घट्ट, जोर वाढवून विमान वर घ्या म्हणून. यांनी तो झटकला. घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात हात दाखवत होते, इथे धरलं होतं त्याने म्हणून. मी म्हटलं, मग ते काय बोलणं झालं? तर म्हणाले, याहून मोठ्याने कुणी काय सांगायचं. आईचा श्वास पुरेनासा झाला. ती थांबली आणि मग, आता मागे वळून, मागच्या रांगांकडे न ओळखता बघत म्हणाली, 'तो पोरगा आलाय का इथे? त्याला म्हणावं, दोनदा.'

अडुसष्ट वर्षांचा पोरगा शेवटच्या रांगेत उभा राहिला. त्याचा चेहरा थोरलीला नीट दिसला नाही, मध्ये डोकी होती.

'हात ठेवला होता,' तो म्हणाला. 'हो. ठेवला होता मी. चौकशीत त्यांनी विचारलं, किती वेळा बोललात. हाताचं मला कुणी विचारलंच नाही.'

सगळी मिळून पाच वाक्यं होती, आणि चाळीस वर्षं लागली. थोरली माईकपाशी उभी राहिली, कागद हातात, आणि रडू येतंय की आरडाओरडा करावासा वाटतोय हे तिला कळेना. आईने खाली बसून शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. मग तो माणूस रांगेतून वाट काढत, गुडघ्यांना गुडघे लागतील त्यांना सॉरी सॉरी म्हणत पुढे आला आणि आईच्या शेजारी बसला.